चवदार तळ्याचा ठराव करणारा नगराध्यक्ष

दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन तारखांना आपल्या लोकांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरतो. महाडच्या सत्याग्रहात बाबासाहेबांच्या परिषदेला कोणी जागा देत नव्हतं, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जमीन दिली, असा तो मजकूर. गोष्ट खरी आहे. मीही ती वर्गात सांगतो आणि सांगताना मान जरा ताठ होते, हे कबूल करतो. पण त्या मजकुरात महाडच्या एका माणसाचं नाव कधीच नसतं. महाड नगरपालिकेचे त्या वेळचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस. महाडकर त्यांना सुरबानाना म्हणत. चवदार तळं सर्वांना खुलं आहे असा ठराव त्यांच्या नगरपालिकेने केला नसता, तर १९२७ साली बाबासाहेबांची तहरीक ज्या कायदेशीर पायावर उभी राहिली तो पाया मिळायला बराच वेळ लागला असता. एका छोट्या, दर पावसाळ्यात पाण्यात जाणाऱ्या गावाच्या नगराध्यक्षाने राजकारण कसं केलं, हे समजून घ्यायला हवं म्हणून हा लेख. आणि त्याच गोष्टीत आपला, म्हणजे मुसलमानांचा, वाटा नेमका किती आणि कसा होता, तेही एकदा नीट पाहू.

आधी गाव. आमच्या जालन्याच्या माणसाला महाड कळायला थोडा वेळ लागतो. आमच्याकडे पाण्याचं दुःख म्हणजे पाणी नसणं. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आटला की शहरात हंड्यांच्या रांगा लागायच्या. पूर आम्ही पाहिला तो गोदाकाठी, २००६च्या ऑगस्टमध्ये, जायकवाडीचं पाणी सुटलं आणि अंबड तालुक्यातल्या शहागडपासून खाली गावंच्या गावं वेढली गेली तेव्हा. आयुष्यात एकदोनदा येणारी ती गोष्ट. महाडला मात्र पूर हा पाहुणा नाही, घरचा माणूस आहे. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि थोड्याच अंतरात घाटावरून खाली कोसळते. महाडजवळ गांधारी तिला मिळते. पुढे बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी वर चढत येतं. महाबळेश्वरला दोन दिवस झोड पाऊस आणि त्याच वेळी समुद्राला भरती असा योग आला की वरून आलेल्या पाण्याला खाली जायला वाट मिळत नाही आणि ते बाजारपेठेत शिरतं. दुकानदार भिंतीवरच्या रेघा दाखवून साल सांगतात. कोणतं पाणी काउंटरपर्यंत, कोणतं माळ्यापर्यंत.

अशा गावात नगरपालिकेचं काम म्हणजे मुळातच पाण्याचं काम. गटारं, नाले, रस्त्यावर साचलेला गाळ, पिण्याचं पाणी, तळ्याच्या पायऱ्या. आज आपण नगराध्यक्ष म्हटलं की फ्लेक्स आणि उद्घाटनं आठवतो. त्या काळी मतदार थोडे होते, कर भरणाऱ्या घरांपुरते, आणि नगरपालिकेत बसणारी माणसं म्हणजे गावातले वकील, व्यापारी, सावकार, इनामदार. ब्राह्मण, कायस्थ प्रभू, गुजर, काही मुसलमान. टिपणीस चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाचे. म्हणजे ते बाहेरून आलेले बंडखोर नव्हते. ज्यांच्या ओटीवर बसून चहा घ्यायचा, ज्यांच्या मतांवर अध्यक्ष व्हायचं, त्याच लोकांमधले ते होते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे जे झालं त्याची किंमत त्यांनी याच ओळखीच्या लोकांमध्ये राहून मोजली.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारच्या किंवा सरकारी पैशाने चालणाऱ्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. सरकारने तो खाली पाठवला. अशा परिपत्रकांचं पुढे काय होतं हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. फाईलला लागतं आणि झोपतं. बहुतेक नगरपालिकांत तेच झालं. महाडला १९२४ साली टिपणीसांच्या अध्यक्षतेखाली नगरपालिकेने चवदार तळं अस्पृश्यांना खुलं असल्याचा ठराव करून टाकला.

ठराव झाला, पण पाणी भरायला कोणी गेलं नाही. जाणार कसं? तळं गावाच्या मध्यभागी, भोवती नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे सवर्णांची घरं. तळ्याकडे जाणारी प्रत्येक वाट त्यांच्या ओटीसमोरून. कागदाने हक्क दिला, पण पायरीपर्यंत सोबत कोण येणार? तीन वर्षं तो ठराव नुसता कागद राहिला. काही अभ्यासक यावरून असा ठराव म्हणजे दिखावा असं म्हणतील. मी म्हणणार नाही. कागद असणं आणि नसणं यात केवढा फरक आहे, हे नावाच्या एका अक्षरासाठी तहसीलच्या खेपा घालणाऱ्या आपल्या लोकांना सांगायला नको.

त्या कागदाला जीव आला १९ आणि २० मार्च १९२७ला. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. तिच्यासाठी गावोगाव फिरून खपले ते रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते. सवर्णांमधून सोबत होते अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आणि सुरबानाना टिपणीस. परिषदेला हजारो माणसं जमली आणि त्यांना प्यायला पाणी? ते चाळीस रुपये खर्चून आणावं लागलं. तळं नगरपालिकेचं, ठराव नगरपालिकेचा, आणि पाणी विकत. दुसऱ्या दिवशी परिषद संपताना चित्रे यांनी तळ्याचा विषय काढला. ठराव झालेलाच आहे, मग आत्ताच जाऊ या. बाबासाहेब पुढे, मागे रांग. शांतपणे तळ्यावर गेले, पाणी प्यायले, परतले.

त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन जमाव मंडपावर आला. जेवत असलेल्या माणसांना, परत निघालेल्या माणसांना गाठून गाठून मारलं. याच वेळी काही जणांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. महाडच्या मुसलमानांनी दारं उघडली, ही गोष्ट नोंदलेली आहे आणि आपल्या इतिहासातली ती चांगली पानं आहेत.

पण इथे थांबून एक अवघड गोष्ट बोलायला हवी, जी त्या मोबाईलवरच्या मजकुरात येत नाही. चवदार तळ्याचं पाणी मुसलमानांना चालत होतं. म्हणजे मुसलमानाने भरलेलं सवर्णांना चालत होतं. बाबासाहेबांनी स्वतः हे बोलून दाखवलं आहे की मुसलमान, इतर धर्माचे लोक, अगदी जनावरंसुद्धा या तळ्यावर पाणी पितात आणि बाटतो तो फक्त अस्पृश्याच्या स्पर्शाने. आपण हे वाक्य हिंदू समाजाच्या विरोधात वाचतो. ते आपल्याबद्दलही आहे. पिढ्यान् पिढ्या त्या पायऱ्यांवर उतरणाऱ्या मुसलमानाने शेजारी उभ्या असलेल्या महाराला, चांभाराला कधी म्हटलं का, की चल, माझ्याबरोबर भर? तशी नोंद कुठे सापडत नाही. आपल्याला मिळालेली सवलत आपण मुकाट्याने वापरली. आणि आपल्यातही मेहतराच्या हातचं पाणी न पिणारी घरं होती, बिरादरी बघून लग्न ठरवणारी तर आजही आहेत. आपल्या जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार त्यांच्या व्यासपीठावर आले, तेव्हा 'इस्लाममध्ये जात कुठे आहे' म्हणून अंगावर येणारे आपलेच होते. म्हणून फत्तेखानचं नाव घेताना मी आता वर्गात थोडं हळू बोलतो.

तर सुरबानानांकडे परत येऊ. मारहाणीनंतर सवर्णांनी एकशेआठ घागरी पाणी तळ्यातून काढलं, पंचगव्य ओतलं, मंत्र म्हटले आणि तळं शुद्ध झालं असं जाहीर केलं. मोसमी पावसाच्या वाहत्या पाण्यावर भरणारं ते तळं. जिथे दर पावसाळ्यात नदी, गटार, उकिरडा, गोठा यांतला भेद राहत नाही, त्या गावात हा शुद्धीचा हिशोब कोणी कसा मांडला असेल कोण जाणे. गावाने नगरपालिकेवर दबाव आणला आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. तारीख मुद्दाम धरली की योगायोग, देव जाणे.

स्थानिक राजकारणातल्या माणसाची खरी परीक्षा इथे होते असं माझं मत आहे. ठराव करणं सोपं असतं असं नाही, पण तेव्हा बहुमत बरोबर असतं. आपणच केलेला ठराव आपल्याच सभागृहाने पुसून टाकला, गाव उलटलं, नातेवाईक बोलेनासे झाले, की बहुतेक लोक 'मी तर प्रयत्न केला होता' म्हणून घरी बसतात. आपल्या नगरपालिकांत अशी माणसं किती पाहिली आहेत आपण. टिपणीस घरी बसले नाहीत. त्यांनी नगरपालिका हेच राजकारणाचं टोक मानलं नाही. ते बाबासाहेबांबरोबर राहिले. एका गावच्या अध्यक्षाचं राजकारण जिल्ह्याचं झालं ते या हरण्यानंतर.

डिसेंबरमध्ये पुन्हा महाड. या वेळी सत्याग्रहच करायचा ठरला होता. विरोधकांनी शहाणपणाने वाट बदलली आणि कोर्टात गेले. नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर १२ डिसेंबर १९२७ला दावा लावला, तळं ही चौधरी सवर्णांची खाजगी मालमत्ता आहे असं म्हटलं आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. गाड्या मिळेनात, गावात माल मिळेना, मंडपाला जागा मिळेना. जागा दिली फत्तेखान यांनी. सवर्ण गावात, सवर्णांशी रोजचा व्यवहार असताना, हा निर्णय सोपा नव्हता आणि म्हणून त्यांचं नाव घ्यायलाच हवं.

बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने निघाले, खाडीमार्गे २५ तारखेला दासगावच्या धक्क्यावर उतरले आणि तिथून सुमारे पाच मैल चालत महाडला आले. कलेक्टर हूड यांनी गाठून कोर्टाचा हुकूम पाळण्याची विनंती केली. बाबासाहेबांनी विचार करून सत्याग्रह तहकूब ठेवला. त्याआधी, २५ डिसेंबरच्या रात्री, मनुस्मृतीचं दहन झालं होतं. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण. ही सर्व माणसं ज्या मातीवर उभी होती ती एका मुसलमानाची होती. हे दृश्य शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं, आणि ती ओळसुद्धा वाचून मुलं पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

दासगावचं नाव आलं म्हणून थोडं विषयांतर. आजच्या पिढीला दासगाव माहीत असेल तर वेगळ्या कारणाने. २००५च्या जुलैत, मुंबई बुडाली त्याच पावसात, महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि शंभराहून अधिक माणसं गाडली गेली. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ सालचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी बस आणि काही गाड्या नदीत गेल्या. म्हणजे तो पूल चवदार तळ्याच्या खटल्याच्याच वयाचा. २२ जुलै २०२१ला तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली आणि महाडची बाजारपेठ पुन्हा पाण्याखाली. महाडकर आजही नदीतला गाळ काढा, बेटं काढा, दासगावजवळ रेल्वेच्या भरावात पाण्याला जास्त वाट द्या, असं मागत राहतात. नगरपालिका जिल्ह्याकडे बोट दाखवते, जिल्हा राज्याकडे, राज्य रेल्वेकडे. टिपणीसांच्या वेळी निदान तळं कोणाच्या ताब्यात आहे हे स्पष्ट होतं.

खरं म्हणजे तेही कोर्टात सिद्ध करावं लागलं. महाडच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ला लागला, ठाण्याचं अपील जानेवारी १९३३मध्ये सुटलं. दोन्ही वेळा तळं खाजगी नाही, नगरपालिकेचं आहे, हाच निष्कर्ष. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी अपील फेटाळलं. ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच न्यायाधीश. निकालात तळ्याचं वर्णन आहे. चार ते पाच एकर, पावसाच्या वाहत्या पाण्यावर आणि थोड्या झऱ्यांवर भरणारं, भोवती नगरपालिकेचे रस्ते. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून होती, हे फिर्यादींना सिद्ध करता आलं नाही. नगरपालिका हे शब्द निकालात पुन्हा पुन्हा येतात. तळं खाजगी आहे हा दावा टिकला नाही. १९२४ साली महाडच्या सभागृहाने तळं आपलं आहे असं धरून ठराव केला होता. तो ठराव गेला, पण ठरावामागचं म्हणणं दहा वर्षांनी हायकोर्टात टिकलं.

याच निकालाच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी १९३७च्या निवडणुकीत, सुरबानाना मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. पक्ष बाबासाहेबांचा, स्वतंत्र मजूर पक्ष. मतदारसंघ कुलाबा, तोही राखीव नव्हे, सर्वसाधारण. पक्षाने १७ जागा लढवून १४ जिंकल्या. त्यांत अस्पृश्येतर तीन होते, चित्रे आणि शामराव परुळेकर रत्नागिरीतून आणि टिपणीस कुलाब्यातून. ज्या जिल्ह्यात दहा वर्षांपूर्वी त्यांचा ठराव पुसला गेला होता, त्याच जिल्ह्याने त्यांना मुंबईला पाठवलं. फरक एवढाच की नगरपालिकेत मत होतं ओटीवाल्यांना, १९३७ला ते शेतकऱ्यांच्या एका भागापर्यंत पोचलं होतं.

हा शेतकरी पूरग्रस्त होता, पण त्याचा पूर वेगळा. कोकणात खोती होती. खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळाकडून मन मानेल तसा वसूल करायचा. खाडीचं पाणी शेतात शिरून भात गेलं तरी खोताचा हिस्सा मागे राहायचा नाही. चरीच्या शेतकऱ्यांचा संप नारायण नागू पाटलांनी याच कुलाबा जिल्ह्यात १९३३पासून चालवला होता. १७ सप्टेंबर १९३७ला बाबासाहेबांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. टिपणीस आता ज्या बाकावर बसत होते, ते बाक या कुळांच्या बाजूचं होतं, आणि खोतांमध्ये ब्राह्मण होते, मराठे होते, त्यांच्या स्वतःच्या जातीचे कायस्थ प्रभू होते.

मुसलमान खोतही होते. कोकणातल्या आपल्या जुन्या घराण्यांच्या कागदांत खोतीच्या सनदा अभिमानाने जपून ठेवलेल्या असतात. म्हणजे महाडला १९२७ साली एका मुसलमानाने जमीन मंडपासाठी दिली, आणि दहा वर्षांनी जमिनीचाच प्रश्न विधानसभेत आला तेव्हा काही मुसलमान कुळांच्या समोरच्या बाजूला होते. काही मुसलमान कुळंही होती. त्यांचं काय, हे आपल्या कोणत्या संघटनेने त्या वेळी विचारलं होतं?

ते विधेयक काँग्रेस मंत्रिमंडळाने पुढे नेलं नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने.